लष्करी हिरवा रंग आणि अवरक्त नजर

सैनिकाचा गणवेश झाडीत मिसळून जावा म्हणून हिरवा-तपकिरी असतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण डोळ्याला हुबेहूब पानासारखा वाटणारा हिरवा कॅमेऱ्याला भलताच दिसू शकतो, याची लष्करांना खरी झळ बसली ती दुसऱ्या महायुद्धात.

कारण पानातच आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा थोडाफार परतवतं. साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडे मात्र त्याचं शोषण जवळजवळ थांबतं आणि पानातल्या पेशी व हवेच्या पोकळ्या तो प्रकाश उधळून लावतात. दिसणारा हिरवा जेमतेम दहा टक्के परततो, तर डोळ्याला न दिसणारा हा अवरक्त चाळीस-पन्नास टक्के. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये अवरक्त छायाचित्रं प्रसिद्ध केली, त्यांत झाडं पांढरीफटक आणि आभाळ काळंभोर उमटलं होतं.

महायुद्धात कोडॅकने हेच हेरगिरीच्या कामी लावलं. त्यांच्या खास विमानी फिल्मवर जिवंत झाडी लालभडक यायची आणि साध्या हिरव्या रंगाने लपवलेला रणगाडा निळसर डाग होऊन उघडा पडायचा. तोडून अंगावर टाकलेल्या फांद्याही वाळू लागल्या की वेगळ्या दिसत. तिकडे जर्मनांनी युद्धाच्या अखेरीस ‘लायबरमुस्टर’ या लपण्याच्या नक्षीच्या काळ्या रंगात अवरक्त शोषणारी काजळी घातली, पण असे गणवेश फारच थोडे निघाले. तोवर अवरक्त दिवा लावलेल्या दुर्बिणी बंदुकीवर चढल्या होत्या. १९४५ मध्ये ओकिनावात अमेरिकन सैनिकांनी त्या वापरल्या. म्हणजे नजर विमानातून उतरून थेट समोर आली.

सुती कापडापुरतं उत्तर रंगाऱ्यांच्या हाताशी आधीपासून होतं: व्हॅट डाय. रेने बोन यांनी १९०१ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत शोधलेला निळा इंडान्थ्रीन हा या नव्या कुळातला पहिला. पद्धत जुन्या निळीचीच. न विरघळणारा रंग कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) यांच्या पाण्यात विरघळवायचा, धाग्यात मुरवायचा आणि मग हवेने किंवा रसायनाने पुन्हा घट्ट बसवायचा. निळीच्या पिंपातून पिवळट-हिरवं निघालेलं कापड हवेत डोळ्यांदेखत निळं होतं, ते याचमुळे. व्हॅट रंग धुण्याला टिकतात हे झालंच. शिवाय त्यांच्यातले काही अवरक्त प्रकाश शोषतात, काही परतवतात. त्यामुळे मिश्रण जमवून हिरवा पानाइतका उजळ, तपकिरी मातीइतका मध्यम आणि काळा सावलीइतका गडद ठेवता येतो. हा फरकच महत्त्वाचा. सगळेच रंग सारखे उजळले तर दुर्बिणीत नक्षी पुसली जाते आणि माणसाच्या आकाराचा एकसंध ठिपका उरतो.

नायलॉन-पॉलिएस्टरने पुन्हा पंचाईत केली. त्यांचे नेहमीचे रंग अवरक्तात जवळपास पारदर्शक, म्हणून काळा पट्टाही तिथे फिकट दिसतो. इथे छपाईच्या पेस्टमध्ये किंवा धागा काढतानाच काजळी मिसळावी लागते. ती जरा जास्त झाली की हिरवा मळकट दिसू लागतो, कमी पडली तर उपयोग नाही.

अमेरिकेचा १९८१ मधला ‘वुडलँड’ गणवेश या विचाराने छापलेला होता. त्याला खळ घालू नका अशी ताकीद होती, कारण खळीने अवरक्त संरक्षण बिघडतं. कडक इस्त्रीची हौस असलेल्या पलटणींना ते कितपत रुचलं असेल, देव जाणे.

उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यापुढे मात्र या रंगाईचा काही इलाज नाही. तो ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी बघतो आणि त्या अंगाच्या गरमीतून येतात. वरचं कापड हिरवं की काळं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.