शुगरच्या गोळीनं कॅन्सर थांबतो म्हणे, हे आलं कुठून?

परवा मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर उभा होतो, शेजारी एक काकू, हातात मेटफॉर्मिनची अर्धी संपलेली स्ट्रिप. "दादा, ही आमच्या ह्यांची शुगरची गोळी, कॅन्सर होऊ देत नाही म्हणं, मला शुगर नाही पण मी पण घेऊ का?" काउंटरवरचं पोरगं हसलं, पण काकूंचा प्रश्न काही हवेतला नव्हता.

मेटफॉर्मिन तशी म्हातारी गोळी, फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी 1957 ला डायबेटिसवर वापरून दाखवली. मग 2005 ला स्कॉटलंडच्या डंडीत शुगरच्या पेशंटच्या जुन्या नोंदी चाळल्या, तर मेटफॉर्मिनवाल्यांत कॅन्सर कमी दिसला आणि सगळीकडे बोलबाला झाला. पण नोंदींत एक गोम असते बघा. दहा वर्षं गोळी खाल्लेला माणूस आपण मोजतो, पण तो दहा वर्षं जगला म्हणूनच तर एवढी गोळी झाली ना, जो दुसऱ्याच वर्षी गेला तो आपोआप "कमी गोळी" वाल्यांत जाऊन बसतो, आणि गोळी फुकटची हिरो. शेवटी शुगर नसलेल्या, ब्रेस्ट कॅन्सरच्या 3649 पेशंटची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. 2022 ला निकाल आला, आजार परत येण्यात म्हणावा तसा फरक नाही.

अ‍ॅस्पिरिनचं प्रकरण जरा वेगळं, माझा तरी त्याच्यावर थोडा जास्त जीव आहे. 1968 लाच उंदरांत दिसलं होतं की रक्तातल्या प्लेटलेट कमी केल्या की कॅन्सर कमी पसरतो, आणि अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटलाच गप्प बसवतं. 1988 ला मेलबर्नच्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर कमी आढळला. मग 2018 ला उलटंच, बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या 19,114 धडधाकट लोकांच्या ट्रायलमध्ये रोज 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत कॅन्सरनं मृत्यू थोडे जास्तच निघाले. आणि 2025 ला स्वीडन आणि आसपासच्या देशांतून परत चांगली बातमी: आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर 160 मिलिग्रॅम दिलं तर आजार परत यायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर, पण ही तपासणी फक्त ज्यांच्या गाठीत काही ठराविक जीन्समध्ये बिघाड होता त्यांच्यातच झाली. म्हणजे आधी गाठीचा तुकडा लॅबला, मग गोळी.

उपचारानंतर अ‍ॅस्पिरिननं कॅन्सर परत यायचा थांबतो का हे बघणाऱ्या ब्रिटनच्या अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन ट्रायलमध्ये आपलं मुंबईचं टाटा पण आहे, त्यात आतड्याबरोबर ब्रेस्ट, प्रोस्टेट आणि जठर-अन्ननलिकेचे पेशंटही घेतलेत.