उपग्रहाला कांदा दिसतो, चाळ दिसत नाही

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, ऐन लोकसभेच्या प्रचारात. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या आणि त्या निकालाची चर्चा कांद्याशिवाय पुढे सरकलीच नाही. कांद्याने निवडणूक हलवणं आपल्याला नवं नाही. १९९८ ची दिल्ली विधानसभाही कांद्याच्या भावावरच गाजली होती. या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी एक आकडा असतो: देशात कांदा आहे किती? तो आकडा काढण्याची रीत गेल्या दहा वर्षांत बदलली आहे, आणि त्याबद्दल आपल्या गावांत फारसं कोणी बोलत नाही.

२०१४ साली केंद्राने ‘चमन’ नावाचा प्रकल्प सुरू केला. बटाटा, टोमॅटो, केळी अशा निवडक पिकांसोबत कांद्याचं क्षेत्र आणि उत्पादन उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं, हा त्याचा उद्देश. मागचं विज्ञान सरळ आहे. पानातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या पेशी मोठ्या प्रमाणात परत फेकतात. दोन्हींची तुलना केली की जमिनीवर हिरवं किती आणि ते किती जोमात आहे, हे कळतं. दर काही दिवसांनी हेच मोजत गेलं की पिकाची चढती-उतरती रेषा मिळते. लागवड कधी, भर कधी, पात माना कधी टाकते, हे प्रत्येक पिकाचं वेगळं असतं. त्या चालीवरून संगणक कांदा आणि शेजारचा गहू वेगळा करतो.

अडचण इथूनच सुरू होते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. अर्ध्या एकराचं चौरस वावर घेतलं तर त्याची बाजू भरते सुमारे ४५ मीटर. त्यात पूर्णपणे कांद्याचे असे ठिपके फार तर सोळा, बऱ्याचदा बारा किंवा नऊच. बाकीच्यांत बांध, पाट आणि शेजाऱ्याचा हरभरा मिसळलेला असतो. निफाड-येवल्याकडे वाटण्या होऊन वावरांच्या लांबट पट्ट्या झाल्या आहेत. २० मीटर रुंदीच्या पट्टीत तर निखळ कांद्याची एखादीच रांग हाती लागते. त्यात कांद्याची पात उभी, बारीक आणि नळीसारखी, त्यामुळे मधली माती वरून दिसतच राहते. खरिपाच्या कांद्यावर ढगांची छाया असते ती वेगळीच. ढगांतून रडारच्या लहरी आरपार जातात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सोडलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ हा रडार-उपग्रह हे काम दर बारा दिवसांनी करू शकतो, म्हणून त्याच्याकडून मला खरोखर आशा आहे.

यंत्राला शिकवायला मात्र जमिनीवरचा पुरावा लागतो: जमिनीच्या या गटात कांदाच होता, असं कोणीतरी सांगावं लागतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली, ई-पीक पाहणी म्हणून. बांधावर उभं राहून गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. ठिकाण फोनच टिपतो. रेंज नसली, सर्व्हर चालला नाही, की मुदत सरते आणि सातबाऱ्यावरचा रकाना कोराच राहतो. या कोऱ्या रकान्याची किंमत २०२३ मध्ये कळली. भाव कोसळल्यावर राज्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिलं. अट सातबाऱ्यावरच्या कांद्याच्या नोंदीची. कांदा विकल्याच्या पावत्या हातात, पण नोंद नाही, असे शेतकरी ताटकळले. शेवटी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकांकडून पडताळणी करून वाट काढावी लागली. ॲपमध्ये पीक नाही म्हणजे शेतात पीक नव्हतं, हे गृहीत धरणं चूकच होतं, आणि तिघांनी गावात बसून ते दुरुस्त केलं हे योग्यच झालं.

पण क्षेत्र अचूक मोजलं तरी निम्माच प्रश्न सुटतो. देशाचा सुमारे दोन तृतीयांश कांदा रब्बीचा, म्हणजे आपला उन्हाळ. तो एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, जातो. ऑगस्टपासून पुढे सरकार निर्यातीचे निर्णय घेतं तेव्हा प्रश्न असतो चाळीतल्या कांद्याचा, आणि चाळीच्या पत्र्याखालचं कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. आत काय चाललेलं असतं? कांदा श्वास घेतो, पाणी सोडतो, वजनाने घटतो. दमट हवेत मानेकडून सड लागते, सप्टेंबरनंतर कोंब फुटू लागतात. जालन्याच्या बियाण्याचा, भरपूर युरिया दिलेला कांदा आणि शेणखतावरचा कांदा एकाच चाळीत सारखे टिकत नाहीत. ही घट एका वर्षी पाव, तर दुसऱ्या वर्षी तिसरा हिस्सा असू शकते. एवढ्या फरकावर देशात टंचाई की मुबलकता हे ठरतं.

इथे तंत्रज्ञान कमी नाही. कुजू लागलेला कांदा विशिष्ट वायू सोडतो आणि ते ओळखणारे संवेदक चाळीत बसवता येतात. लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा अगदी थोडा मारा केला की कांद्याच्या गाभ्यातल्या वाढणाऱ्या पेशी थांबतात आणि कोंब येत नाही. मात्र किरणांनी सड थांबत नाही, आणि काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत मारा करावा लागतो.

फलोत्पादनाचे अंदाज केंद्र टप्प्याटप्प्याने जाहीर करतं, पण त्या आकड्यासोबत तो किती इकडे-तिकडे असू शकतो, हे छापलेलं नसतं. ते छापलं पाहिजे. निर्यातबंदीच्या अधिसूचनेत कोणत्या तारखेचा साठा धरला, तेही यावं. आणि साठा मोजायला पीक कापणी प्रयोगांचीच रीत वापरता येईल: तालुक्यागणिक चिठ्ठी टाकून काही चाळी निवडायच्या, जून ते ऑक्टोबर दर महिन्याला त्यांतल्या ठरावीक गोण्या वजन करायच्या, चांगला, सडका आणि कोंबाळलेला वेगळा लिहायचा, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची, म्हणजे ज्याची चाळ आहे त्याला दिल्लीत पोचण्याआधी तो आकडा तपासता येईल.