गळून पडण्यासाठी घडवलेला बाण

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलहारी वाळवंटात शिकार करणाऱ्या सान लोकांचं धनुष्य अगदी हलकं. दोरी ताणायला ९-१० किलोंचा जोर पुरतो आणि नेम साधारण २५ मीटरच्या आतच भरवशाचा. एवढ्या धक्क्याने जिराफ पडत नाही, त्याला पाडतं विष. बाणाची सगळी घडण ते विष जनावराच्या अंगात टिकावं यासाठी आहे, आणि तिचा खरा कस सांध्यात लागतो.

पुढे अणी, पूर्वी हाडाची, आता बहुधा कुंपणाची तार ठोकून केलेली. तिच्यामागे बोरूची छोटी नळी, मग दोन्ही टोकांना निमुळता जोडतुकडा, शेवटी पोकळ काडी. पिसं नाहीत. नळीवर आणि काडीच्या तोंडावर तात, म्हणजे जनावराच्या स्नायूंचा दोरा, घट्ट गुंडाळतात, नाहीतर आघातासरशी ती उभी चिरतात. काडी मात्र जोडतुकड्यावर नुसती खोचलेली असते. बाण लागला की अणी आत राहते, काडी गळून पडते. बाण अखंड राहिला, तर झुडपात घुसलेल्या जनावराच्या अंगातून तो फांद्यांना अडकून विषासकट उपसला जाईल. काडी घट्ट बसली तरी हाच घोटाळा होतो.

नामिबियातले जू-होआन्सी, म्हणजे सानांपैकीच एक गट, हे विष डायाम्फिडिया भुंग्याच्या अळीपासून काढतात. हा भुंगा कोमिफोराच्या झुडपांवर जगतो. आपला गुग्गुळ त्यांचाच भाऊबंद. झुडपाखाली खोल, कधी मीटरभर उकरून अळीचे कोश काढतात. अळी बोटांत हलकेच चोळून आतला गर सैल करायचा, कातडी फुटू द्यायची नाही. मग डोकं मोडून गर बाणावर पिळायचा. एका बाणाला दहाएक अळ्या लागू शकतात. लेप शेकोटीच्या उबेवर सुकवतात. टोकाला मात्र विष लावत नाहीत, अणीच्या मागच्या दांडीला लावतात. भात्यात हात घालताना टोक बोचलं, तर यावर उतारा नाही.

हे विष म्हणजे एक प्रथिन. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पडद्यातून लहान आयन (विद्युतभार असलेले कण) आत शिरतात, पाठोपाठ पाणी शिरतं आणि पेशी फुटतात. लहान हरणाला काही तास लागतात, जिराफाला काही दिवस. गिळल्यावर ते बाधत नाही, तरी जखमेभोवतीचं मांस कापून टाकतात.

बाण लागल्यावर शिकारी जनावरामागे धावत नाहीत. पिटाळलेलं जनावर फार लांब जातं. काडी उचलायची, माग ओळखून ठेवायचा, मुक्कामी परतायचं. पण उजाडताच निघावं लागतं, नाहीतर सिंह किंवा तरस आधी पोचतात.