पैसे दिले म्हणजे लिखाण कायमचं आपलं होतं का?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचे खेळ) बनवणाऱ्यांच्यात एक मेसेज कायम फिरत असतो, की फ्रीलान्सरला एकदा पैसे दिले की लिखाण आपोआप कायमचं आपलं. असं वाटणं साहजिक आहे, दुकानातनं आणलेली वस्तू आपलीच असते की. पण लिखाणाचं तसं नसतंय.

समजा राजारामपुरीतल्या एका पोरानं पन्हाळ्यावरचं ३००० शब्दांचं अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे खेळात खेळायची गोष्ट, लिहून दिलं, अंधारबावडीत (गडावरच्या जुन्या विहिरीत) उतरायच्या पायऱ्या, खाली कोण दबा धरून बसलंय, सगळं. शब्दाला २ रुपये धरून ६००० तुम्ही फोनवरनं पाठवले आणि कागद काहीच केला नाही. आता १९५७ चा कॉपीराइट कायदा काढा. कलम १७ म्हणतं पहिला मालक लेखकच, नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी नोकरी देणाऱ्याची, पण फ्रीलान्सर नोकरीत नसतो ना. मग कलम १९ बघा, हक्क घ्यायचे तर लेखी पाहिजे, सही पाहिजे, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे पीडीएफ परदेशात विकायची असेल तर तेही आधीच लिहायला लागतं. (फाशांच्या नियमामागची कल्पना मात्र कुणाचीच नसते, कॉपीराइट शब्दांना असतो.)

कायदा सरकारी साइटवर फुकट आहे, स्वतः वाचा. आणि कागद करतायच तर खेळून बघितल्यावर परत लिहायला लावलं तर त्याचे वेगळे पैसे किती, तेही घाला, त्या पोराच्या रात्री त्यातच जातात.