चौकात लागणारा ब्रेक, घाटात लागणारा ब्रेक

दिवाळीच्या सुटीत इंदूरहून धुळे-नाशिककडे गाडीने निघणारी मराठी कुटुंबे आदल्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये दाखवून आणतात. पुढचे ब्रेक पॅड झिजले आहेत असे मिस्त्री सांगतो आणि दोन डबे समोर ठेवतो. एक 'कंपनीचा' असतो, दुसरा 'लोकल', आणि किमतीतला फरक डोळ्यांत भरण्यासारखा असतो. स्वस्तातले पॅड बसवून जवळच्या चौकापर्यंत एक फेरी मारली जाते, गाडी चोख थांबते आणि विषय तिथेच संपतो. या फेरीत फसवणूक अशी काही नसते, परंतु पॅड थंड असताना घेतलेल्या या परीक्षेत जवळजवळ कोणताही पॅड उत्तीर्ण होतो.

गाडीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलणे हेच ब्रेकचे काम आहे. 1200 किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे 4 लाख 60 हजार जूल ऊर्जा ब्रेकना पचवावी लागते. त्यातला सुमारे 70 टक्के भाग पुढच्या चाकांवर येतो असे धरले आणि पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या, ज्यांना पॅड आवळतात) मिळून 10 किलोच्या मानल्या, तर अशा एका थांबण्याने त्या साधारण 70 अंश सेल्सिअसने तापतात. ताशी 40 किलोमीटरवरून थांबताना मात्र ऊर्जा जेमतेम एक षष्ठांश लागते, म्हणून डिस्कचे तापमान दहा-अकरा अंशांनीच वाढते आणि इंदूरच्या पलासिया चौकापुढचा सिग्नल येईपर्यंत त्यातली काही उष्णता वाऱ्यावर निघूनही जाते. शहरात वर्षभर चालवलेल्या गाडीचे पॅड खऱ्या अर्थाने कधी तापलेच नसण्याची शक्यता म्हणूनच मोठी आहे.

मानपूर सोडल्यावर माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात, नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतो. उतार 200 मीटरचा धरला, तरी वरच्याच गाडीची साडेतेवीस लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 100 किलोमीटरवरून पाच वेळा गाडी थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे आणि तेवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन यातला मोठा वाटा उचलते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग मात्र तो वाटाही ब्रेकवरच टाकतात. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट असतोच.

पॅड बाहेरून एक काळी वडी दिसत असला, तरी तो अनेक पदार्थांचे मिश्रण असतो. त्यात तंतू, धातूची भुकटी, घर्षण वाढवणारे कठीण कण, ते आवरणारे ग्रॅफाइट आणि जागा भरणारे खनिज असते. या सगळ्यांना बांधून ठेवते ते फिनॉलिक रेझिन, आणि उष्णतेपुढे सर्वांत आधी हार मानतो तो हाच दुवा. साधारण 300 अंशांच्या पुढे रेझिनचे विघटन होऊ लागते. त्यातून निघणारे वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये साचतात, घर्षण घटते आणि ब्रेक फिका पडतो. चांगला उत्पादक पॅड गरम साच्यात दाबल्यानंतर भट्टीत कित्येक तास भाजतो, त्यामुळे रेझिन पूर्ण पक्के होते आणि वायू होऊ पाहणारा बराच ऐवज कारखान्यातच निघून जातो. खर्च कमी करायचा असेल तर भट्टीचे तास कमी करणे सर्वांत सोपे असते, आणि ही काटकसर पॅडवर कुठेही दिसत नाही.

घाटात ब्रेक दोन वेगळ्या तऱ्हांनी दगा देतो. पॅड फिके पडले असतील तर पेडल दगडासारखे घट्ट लागते, पाय पूर्ण जोर लावतो, पण गाडी आवरत नाही. पेडलच मऊ होऊन खाली बसत असेल तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचवणारे ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे झालेले असतात. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, पण हे ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते आणि 3.7 टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. सुटे मिळणारे, कधी भरले कोण जाणे अशा बाटलीतले ऑइल घालून पंधरा-वीस रुपये वाचवण्याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही. ब्रेकच्या सिलिंडरमधल्या रबरी भागांच्या किटचेही तसेच आहे. ब्रेक ऑइलला चालणारे रबर खनिज तेलात फुगते, म्हणून डिझेलने धुतलेला सिलिंडर नव्या किटसह बसवला तरी लवकरच अडू किंवा गळू शकतो.

पॅडचे घर्षण 30 टक्क्यांनी घटले आणि चालकाने पायाचा जोर तेवढाच ठेवला, तर काय होते? ताशी 80 किलोमीटरवरून जी गाडी 35 मीटरमध्ये थांबायची, ती आता 50 मीटर घेते. पहिली गाडी जिथे उभी राहिली असती, तिथे दुसरीचा वेग अजून ताशी 44 किलोमीटर असतो. शहरात आपण नकळत पाय जास्त दाबून ही तूट भरून काढतो आणि म्हणूनच ती लक्षात येत नाही. एबीएस आहे ना, असे यावर हमखास विचारले जाते. एबीएस चाक जाम होऊ लागले की ब्रेकचा दाब कमी करते. पॅडमध्ये नसलेले घर्षण ते निर्माण करू शकत नाही.

स्वस्त म्हणजे नकली, असे मात्र समजू नये. गाडी कंपनीच्या डब्यातला पॅड पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यात बनलेला असतो आणि त्या कारखान्याचा स्वतःच्या नावाचा माल कमी किमतीत मिळू शकतो. खरा प्रश्न तो तापवून तपासला आहे का, हा आहे. ब्रेकविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नव्या मोटारीला दर 45 सेकंदांनी, असे 15 वेळा ब्रेक लावून आधी तापवले जाते आणि लगेच घेतलेल्या चाचणीत तिची कामगिरी थंड ब्रेकच्या किमान 60 टक्के असावी लागते. आपल्या शेजारच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात 11.3 किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकखेरीज ब्रेकसाठी वेगळा ट्रॅक आहे, तो अशाच कामांसाठी. बदली पॅडसाठी युरोपात आर 90 हा नियम आहे. त्यानुसार पॅडची पकड मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते, आणि घर्षणाचा थर पोलादी पाठीवरून सुटायला प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किमान 250 न्यूटन बल लागले पाहिजे. नकली पॅडमध्ये हा थर नीट चिकटलेला नसू शकतो, आणि तो सुटला की लोखंडावर लोखंड घासू लागते.

मिस्त्रीने डबा उघडला की पॅडच्या कडेवर 'एफएफ' किंवा 'ईई' अशी दोन अक्षरे छापलेली आहेत का, ते पाहावे. पहिले अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचे, दुसरे तापल्यानंतरच्या घर्षणाचे. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35 आणि एफ म्हणजे 0.35 ते 0.45; आकडा मोठा तितकी पकड जास्त. 'एफई' असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, हे त्याच्या उत्पादकानेच कडेवर लिहून दिलेले असते. अक्षरे खोटीही छापता येतात, हे खरे. पण ज्या पॅडवर अक्षरे नाहीत, बॅच क्रमांक नाही आणि उत्पादकाचे नावही नाही, तो परत डब्यात घालायला सांगावा.