दुधाळ कळपातील संसर्गजन्य रोगांचे नियंत्रण

दुधाळ गुरांच्या कळपात संसर्गजन्य रोग शिरू न देणे, शिरलाच तर पसरू न देणे आणि जमेल तेथे त्याचा समूळ नायनाट करणे, हे या नियंत्रणात येते. इथे विचार एका गाईचा नसतो, सबंध कळपाचा असतो.

आजारी दिसणारे जनावर तसे सोपे. लाळ्या-खुरकूत झालेली गाय तोंडातून लाळेच्या तारा सोडते, लंगडते, गोठ्यात पाऊल टाकताच ओळखू येते. अवघड असते ते धडधाकट दिसणारे. जोन्स रोगाचे जंतू वासराच्या पोटात शेणाने माखलेल्या सडातून जातात आणि हगवण लागते ती बहुधा २ ते ५ वर्षांनी. बीव्हीडी (गुरांना हगवण लावणारा एक रोग) याच्या विषाणूची लागण गाभणपणाच्या पहिल्या चार महिन्यांत झाली, तर पोटातले वासरू त्या विषाणूला परका मानतच नाही. जन्मल्यावर ते आयुष्यभर विषाणू सांडत फिरते. म्हणून विकत आणलेले जनावर ३ ते ४ आठवडे वेगळे बांधायचे आणि तपासणी झाल्यावरच कळपात सोडायचे.

सर्वांत चिवट शत्रू रोजच्या धारेतच असतो. कासदाहाचे जंतू एका कासेवरून दुसऱ्या कासेवर नेणारे वाहन म्हणजे धार काढणाऱ्याचे हात आणि तेच ते ओले फडके. त्यामुळे प्रत्येक गाईला वेगळे फडके, आधी निरोगी गाईंची धार आणि बाधित गाय शेवटी, हा क्रम पाळतात. धारेनंतर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते. सड जंतुनाशकात बुडवून लगेच पुढ्यात वैरण टाकली की गाय उभी राहते, ओल्या जमिनीवर बसत नाही. औषधांच्या मानाने हा उपाय फुकटातलाच.

वासराला आईच्या रक्तातून प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, मिळत नाहीत, चिकातून मिळतात. ती शोषण्याची आतड्याची क्षमता २४ तासांत संपते. चीक पहिल्या काही तासांतच पाजावा लागतो.

गुरांमधील ब्रुसेलोसिस या रोगाचा जंतू डॅनिश पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला. यात गाय गाभणपणाच्या उत्तरार्धात गाभडते. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कारण रोग माणसालाही होतो. ‘एस-१९’ ही जिवंत लस फक्त मादी वासरांना, साधारण ४ ते ८ महिन्यांच्या वयात देतात.

लसीवर किती विसंबायचे, हे रोगागणिक ठरते. बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तिच्या विषाणूचा सीरोप्रकार (प्रतिकारशक्तीला वेगळा भासणारा उपप्रकार) एकच होता, लसीची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिके आणि बरे झालेले जनावर विषाणू बाळगत नसे. लाळ्या-खुरकुताचे सीरोप्रकार सात, एकाची लस दुसऱ्याला लागू पडत नाही, प्रतिकारशक्ती काही महिन्यांचीच. शिवाय बऱ्या झालेल्या काही गाईंच्या घशात विषाणू पुढे कितीतरी महिने तग धरून असतो.