ब्लॉगची जाहिरात-कमाई

ब्लॉगची जाहिरात-कमाई : वैयक्तिक ब्लॉगवर जाहिरातींना जागा देऊन, किंवा एखाद्या कंपनीकडून मोबदला घेऊन तिच्या वस्तूबद्दल लिहून मिळवलेले उत्पन्न. ब्लॉगरांच्या बोलीत याला ‘ब्लॉग मॉनेटाइज करणे’ म्हणतात आणि या एका शब्दात दोन निराळे धंदे कोंबलेले असतात. जाहिरातीत ब्लॉगर जागा विकतो. प्रायोजनात तो आपला शब्द विकतो. जागेचा भाव यंत्र ठरवते. शब्दाचा भाव ठरतो तो वाचकाने त्या माणसावर टाकलेल्या विश्वासावरून, त्यामुळे तो खूप चढतो आणि एका पोस्टमध्ये उतरूही शकतो.

मराठी वाचकाला हा मामला तसा परका नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्या परंपरेतल्या अंकांचा जमाखर्च आजही मुख्यतः जाहिरातींवरच जुळतो. कथा ऐन रंगात आली असताना मध्ये सराफाचे पूर्ण पान येते, याचा आपल्याला राग येत नाही, सवय झालेली असते. फरक इतकाच की दिवाळी अंकाचा संपादक पावतीपुस्तक घेऊन त्या सराफाच्या पेढीवर स्वतः गेलेला असतो. ब्लॉगरला बहुधा आपला जाहिरातदार कोण हेच ठाऊक नसते, आणि एकाच पानावर दोन वाचकांना दोन वेगळ्या जाहिराती दिसत असतात.

इतिहास

वेबवरच्या बॅनर जाहिरातीची सुरुवात साधारणपणे २७ ऑक्टोबर १९९४ पासून मोजतात. त्या दिवशी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची पट्टी झळकली. तेव्हा ब्लॉग हा शब्दही नव्हता. ‘वेबलॉग’ १९९७ मध्ये आला, त्याचा ‘ब्लॉग’ १९९९ मध्ये झाला आणि त्याच वर्षी पायरा लॅब्जची ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. सुरुवातीच्या ब्लॉगरांना जाहिरातीचे बरेच सोवळे होते: रोजनिशीत कोणी दुकानाची पाटी लावतो का? २००२ मध्ये ‘ब्लॉगॲड्स’ने ब्लॉगर आणि जाहिरातदार यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली, तरी हा मामला मोजक्या राजकीय ब्लॉगांपुरताच होता.

खरा पालट २००३ मध्ये झाला. गूगलने फेब्रुवारीत पायरा लॅब्ज विकत घेतली, एप्रिलमध्ये पानावरच्या मजकुराचा अर्थ लावणारी अप्लाइड सिमँटिक्स घेतली आणि जूनमध्ये ॲडसेन्स ही आपली जाहिरात-सेवा सर्वांसाठी खुली केली. पानात चार ओळींचा कोड चिकटवला की मजकुराशी जुळणारी जाहिरात आपोआप येऊ लागली. जाहिरातदाराला भेटणे, दर ठरवणे, वसुली करणे ही सगळी कटकट संपली. त्याचबरोबर दर ठरवण्याचा हक्कही गेला. पण ते लक्षात यायला लोकांना वेळ लागला.

या काळातली दोन माणसे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेच्या युटा राज्यातील हेदर आर्मस्ट्राँग हिला ब्लॉगवर कचेरीबद्दल लिहिल्यावरून २००२ मध्ये नोकरी गमवावी लागली होती. पुढे तिने ‘डूस’ या आपल्या ब्लॉगवर बाळंतपण, नैराश्य, घरातली धुणीभांडी असे सारे लिहिले आणि त्यावर जाहिराती घेतल्या. वाचक चिडले, आमच्याशी मैत्रीण म्हणून बोलत होतीस, आता पैसे घेतेस, असा सूर होता. तिने जाहिराती काढल्या नाहीत. काही काळाने सगळे घर त्या ब्लॉगवर चालू लागले. याउलट जेसन कॉटकी या अमेरिकी ब्लॉगरने २००५ मध्ये नोकरी सोडली आणि जाहिरात न घेता वाचकांकडेच वर्गणी मागितली. पैसे जमले, पण वर्षभराने त्याने तो प्रयोग थांबवला आणि पुढे जाहिराती घेतल्या.

भारतात आग्र्याच्या अमित अगरवाल यांनी २००४ मध्ये नोकरी सोडून तंत्रज्ञानविषयक ब्लॉग हाच व्यवसाय केला. हा ब्लॉग इंग्रजीत होता, आणि ते योगायोगाने नव्हे. ॲडसेन्सला भारतीय भाषा वाचताच येत नव्हत्या. हिंदीला डिसेंबर २०१४ मध्ये प्रवेश मिळाला, मराठी त्यानंतर काही वर्षांनी यादीत आली. म्हणजे मराठी ब्लॉगांची पहिली लाट येऊन गेली तेव्हा तिच्यावर अधिकृतपणे जाहिरात लावायची सोयच नव्हती. मधल्या काळात काही जण आधी दहा-पंधरा इंग्रजी पोस्टा टाकून ‘अ‍ॅप्रूव्हल’ मिळवत आणि मग हळूच मराठीवर येत. हे नियमात बसणारे नव्हते, आणि पकडले गेल्यावर जाहिराती बंद होत.

जाहिरात कशी येते आणि तिचे पैसे कसे होतात

वाचक पान उघडतो तेव्हा मजकुराच्या आधी किंवा बरोबरीने एक लिलाव पार पडतो. पानाचा विषय, वाचकाचे शहर, त्याचा फोन, त्याने याआधी काय पाहिले, याची माहिती लिलावात जाते, जाहिरातदारांची यंत्रे बोली लावतात आणि सर्वात वरची बोली पानावर उमटते. सगळे एका सेकंदाच्या आत. काल ज्या चपला पाहून सोडून दिल्या त्या आज तुकाराम गाथेवरच्या लेखाशेजारी दिसतात, त्या याच कारणाने. लेखकाचा त्यात काही हात नसतो.

गूगलने २०१० मध्ये पहिल्यांदा वाटा जाहीर केला: मजकुराशेजारच्या जाहिरातीचे ६८ टक्के ब्लॉगरला. पूर्वी पैसे मुख्यतः टिचकीला, म्हणजे क्लिकला मिळत. २०२४ पासून ॲडसेन्स जाहिरात दिसण्यालाच पैसे देते. ब्लॉगर मात्र हिशेब एकाच आकड्यात सांगतात, तो म्हणजे ‘आरपीएम’: पान हजार वेळा पाहिले गेले तर पदरात किती पडले. समजा आरपीएम ४० रुपये आहे आणि महिन्याला पंधरा हजार वेळा पाने पाहिली गेली, तर हातात ६०० रुपये येतात. या उदाहरणातला आकडा मानलेला आहे, पण छोट्या ब्लॉगाच्या कमाईची ठेवण साधारण अशीच असते. त्यातून डोमेनचे (ब्लॉगच्या पत्त्याचे) आणि होस्टिंगचे (तो ठेवण्याच्या जागेचे) पैसे वजा जातात.

आरपीएम लेखनाच्या दर्जावर ठरत नाही. विमा, गृहकर्ज, क्रेडिट कार्ड, शेअर बाजार यांवरच्या पानाला बोली लावणारे पुष्कळ, कारण तिथला वाचक खरेदीच्या उंबरठ्यावर उभा असतो. कवितेच्या पानावर कोण बोली लावणार? गडकिल्ल्यांवरच्या ब्लॉगाला पावसाळ्यात वाचक भरपूर मिळतात, पण राजगडाच्या वाटा वाचणारा विकत काय घेणार, तर एखादी सॅक किंवा बूट. वाचक कुठल्या देशात आहे यावरही भाव बदलतो: तीच पुरणपोळीची पोस्ट न्यू जर्सीतल्या मराठी घरात उघडली तर नाशिकपेक्षा जास्त पैसे देते. दिवाळीच्या आधी दर चढतात, पाश्चात्त्य वाचक असतील तर डिसेंबरात, आणि जानेवारीत सगळे एकदम खाली बसते. नव्या ब्लॉगरला वाटते आपलेच काहीतरी चुकले.

या गणिताचा परिणाम लेखनावर होतोच. पाककृतींच्या ब्लॉगवर तो सर्वात उघड दिसतो. आमटीची कृती पाच ओळींची असते, पण पान लांब असेल तर जाहिरातींच्या जागा वाढतात. मग आजीची आठवण, कोकणातला पाऊस, चिंच की आमसूल हा वाद, आणि त्यांच्या अधूनमधून कार, सिमेंट, ऑनलाइन पदवी. फोडणी तडतडत असताना, एका हाताला बेसन लागलेले असताना, खालून वर येणारी जाहिरातीची पट्टी बंद करण्याच्या नादात वाचक भलत्याच पानावर जातो. याच तक्रारींतून ‘थेट कृतीकडे’ नेणारे बटण आले. फारच आडवे येणारे प्रकार गूगलचा क्रोम ब्राउझर २०१८ पासून काही ठिकाणी स्वतःच अडवतो, आणि ज्यांना तेवढ्याने भागत नाही ते जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर लावतात.

पैसे हाती येण्याची वाट वेगळीच आहे. खात्यात दहा डॉलर जमले की गूगल पत्ता तपासण्यासाठी साध्या टपालाने एक कार्ड पाठवते; त्यात आत पिन असतो. ‘मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ’ अशा पत्त्यावर परदेशी कार्ड पोचवणे ही टपाल खात्याची परीक्षाच. कार्ड हरवले तर पुन्हा मागवता येते. पण चार महिन्यांत पत्ता पटला नाही तर जाहिराती थांबतात. प्रत्यक्ष पैसे निघतात शंभर डॉलर झाल्यावर, म्हणजे आठ-नऊ हजार रुपयांना, आणि महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान. पूर्वी धनादेश येत, आता रक्कम थेट बँकेत येते. परकी चलन असल्याने बँक कशाचे पैसे म्हणून विचारते; त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या यादीतला जाहिरात सेवेचा पी१००७ हा कोड द्यावा लागतो. गावच्या शाखेत तो कोड ब्लॉगरनेच समजावून सांगायचा असतो.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात करतो किंवा करता करता थांबतो: नातेवाइकांना सांगणे, की येता-जाता जाहिरातीवर टिचकी मारत जा. यंत्राला हे चटकन कळते. खाते बंद होते, जमलेले पैसे जाहिरातदाराला परत जातात आणि त्या माणसाला दुसरे खाते मिळणे फार अवघड होते.

प्रायोजन

प्रायोजनात मधला दलाल नसतो, निदान नसायला हरकत नाही. कंपनी थेट ब्लॉगरशी बोलते: आमच्यावर एक पोस्ट लिहा, इतके पैसे घ्या, किंवा पैसे नाहीत, मिक्सर पाठवतो. या दुसऱ्या प्रकाराला ‘बार्टर’ म्हणतात आणि छोट्या ब्लॉगरच्या वाट्याला बहुधा तोच येतो. पैशांवर आलेल्या ब्लॉगरकडे ‘रेट कार्ड’, म्हणजे दरपत्रक असते. यातला सर्वात सुटसुटीत नमुना जॉन ग्रुबर याच्या ‘डेअरिंग फायरबॉल’ या ब्लॉगचा: आठवड्याला एकच प्रायोजक, त्याची जागा आणि आभाराची ओळ ठरलेली, आणि पैसे कोणाचे आहेत हे लपलेले नाही. वाचक ठरावीक गटातले असले तर संख्या थोडी असूनही भाव चांगला मिळतो. द्राक्षबागायतदारांच्या दोन हजार वाचकांचा ब्लॉग फवारणीच्या औषधांच्या कंपनीला हवा असतो. वीस हजार विनोद वाचणारे तिला नको असतात.

सर्वात जास्त ई-मेल मात्र येतात ते वाचकांसाठी नव्हे, लिंकसाठी. ‘तुमचा ब्लॉग फार आवडला’ असे म्हणणारे पत्र दुसऱ्या परिच्छेदात एका सट्टेबाजीच्या संकेतस्थळाचा दुवा पुढे करते. शोधनिकालात वर चढण्यासाठी त्यांना तो हवा असतो. अशा विकत दिलेल्या दुव्यांना गूगल दंड करते. त्यासाठी २००५ पासून ‘नोफॉलो’ आणि २०१९ पासून ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण, म्हणजे हा दुवा शिफारस म्हणून मोजू नका असा शोधयंत्राला इशारा, दुव्याला लावण्याची सोय आहे. ती लावतो म्हटले की पत्र लिहिणारा गप्प होतो. सट्ट्याच्या जाहिराती घेऊ नयेत अशी सूचना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्ये ऑनलाइन माध्यमांनाही दिली आहे.

पैसे घेतले हे सांगायचे की नाही, यावर अमेरिकेत २००६ मध्ये ‘पे-पर-पोस्ट’ या कंपनीवरून बराच वाद झाला. ती ब्लॉगरांना पोस्टमागे पैसे देई आणि सुरुवातीला ते उघड करण्याची सक्तीही करत नसे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार आयोगाने २००९ मध्ये नियम सुधारून ब्लॉगरलाही उघड सांगणे भाग पाडले. भारतात जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, १४ जून २०२१ पासून अशा मजकुरावर ठळक शिक्का लावायला सांगितले. शिक्का इंग्रजीत किंवा जाहिरातीच्याच भाषेत हवा आणि तो चटकन दिसला पाहिजे. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेला चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचे जून २०२२ मधील मार्गदर्शक नियम त्याहून कडक आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मराठीत शिक्क्यासाठी ‘जाहिरात’ हा सरळ शब्द आहे, पण तो लावायला हात धजत नाही. त्याऐवजी ‘सौजन्य’, ‘यांच्या सहकार्याने’, ‘खास आभार’ अशी फ्लेक्सवरची भाषा येते. चौकातल्या फ्लेक्सवर ‘सौजन्य’ वाचून पैसे कोणी दिले ते सगळ्यांना कळते. क्रीमच्या परीक्षणाखाली तोच शब्द वाचून कळेलच असे नाही.

फुकट आलेला मिक्सरही हिशेबातून सुटत नाही. जुलै २०२२ मध्ये आयकर कायद्यात १९४ आर या कलमाने आलेल्या नियमानुसार वर्षाला वीस हजार रुपयांहून अधिक किमतीच्या अशा लाभावर देणाऱ्याने दहा टक्के करकपात करायची असते. वापरून परत केला तर लाभ धरत नाहीत, ठेवून घेतला तर धरतात.

सद्यस्थिती

प्रायोजकांचा मोठा पैसा आता इन्स्टाग्राम आणि यूट्यूबकडे गेला आहे. मराठीत तर आधी रील आणि नंतर, जमलेच तर, ब्लॉग असा क्रम दिसतो. उरलेला वाचक शोधयंत्रातून येई. गूगलने २०२४ मध्ये अमेरिकेत आणि मग भारतात शोधाच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले उत्तर द्यायला सुरुवात केल्यावर, ‘अमुक कसे करावे’ या धर्तीच्या पोस्टा उघडण्याची गरजच कमी झाली. नेमक्या याच पोस्टांवर जाहिरातीची कमाई उभी होती.

लिहिणे थांबलेल्या ब्लॉगांवरही जाहिराती चालूच राहतात. त्यांच्या खात्यांत सदतीस, बावन्न डॉलर असे अर्धवट आकडे वर्षानुवर्षे पडून असतात, कारण शंभर कधी भरत नाहीत. खाते रीतसर बंद केले तर दहा डॉलरच्या वरची शिल्लक मिळते. त्याखालची मिळत नाही.